टाचेवरचा मेलॅनोमा काढल्यावर फ्लॅप: दोन ऑपरेशनं कशासाठी, आणि बाबा पुन्हा नीट चालतील का?

धाकटी_लेक

नमस्कार. बाबांबद्दल विचारायचं आहे, जरा सविस्तर लिहिते.

बाबांच्या (वय 63) उजव्या टाचेवर बरेच दिवस काळसर डाग होता. घरात सगळे त्याला कुरूपच म्हणायचे. मग मध्यभागी जखम झाली, पाणी यायला लागलं, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: ॲक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा (तळपायावर वगैरे होणारा कातडीचा कॅन्सर), ब्रेस्लो जाडी (गाठ कातडीत किती खोल गेली आहे ते माप) 2.4 मि.मी., अल्सरेशन (वरची कातडी फुटलेली) आहे. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही दिसलेलं नाही.

कॅन्सर सर्जन म्हणतात की डागाच्या चारी बाजूंनी 2 सें.मी. चांगली कातडी घेऊन सगळं काढायचं, त्याच वेळी जांघेतली सेंटिनल नोड (आजार पसरला तर जिथे आधी पोचतो ती लसीका गाठ) तपासायला घ्यायची आणि टाच व्हॅक ड्रेसिंग (स्पंज लावून मशीनने जखमेतलं पाणी ओढून घेणारं ड्रेसिंग) लावून तशीच ठेवायची. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आल्यावर दुसरं ऑपरेशन. त्यात प्लास्टिक सर्जन तळपायाच्या कमानीवरची कातडी फिरवून टाचेवर आणणार (हाच फ्लॅप) आणि कमानीची जागा मांडीच्या पातळ कातडीने भरणार (हा ग्राफ्ट).

बाबांचं म्हणणं, दोनदा भूल कशाला, काय ते एकदाच करून टाका. दादा विचारतो की मांडीची कातडी काढायचीच आहे तर ती सरळ टाचेवर लावावी, चांगल्या कमानीला हात का लावायचा? मावशीला भीती आहे की असल्या गाठीला सुरी लागली की ती पसरते. मला सगळ्यांचंच थोडंथोडं पटतं आणि रात्री झोप लागत नाही. बाबांना मधुमेह नाही, बीपीची गोळी आहे, दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतात. रोज पहाटे लांब फिरायला जाणारा माणूस आहे. ते परत तसे चालतील का, हे कुणी अनुभवातून सांगू शकेल का?

पाऊलवाट

ताई, हेच ऑपरेशन माझ्या डाव्या टाचेवर झालंय. हाच आजार, कमानीतला हाच फ्लॅप आणि मधे उघडी जखम ठेवून दोन टप्पे, सगळं तसंच. मी शिक्षिका आहे, आज वर्गात उभी राहून शिकवते. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: चालता येतं. लगेच नाही, आणि पूर्वीच्याच टाचेसारखं नाही, पण येतं.

आता दोन ऑपरेशनांचं. मलाही सुरुवातीला हा वेळकाढूपणा वाटला होता, पण माझ्या सर्जननी कागदावर पाऊल काढून समजावलं तेव्हा पटलं. हा मेलॅनोमा डोळ्यांना दिसतो तेवढाच नसतो. काळ्या डागाच्या कडेपलीकडे, अगदी वरच्या थरात, त्याच्या पेशी विरळ पसरलेल्या असू शकतात आणि तिथली कातडी वरून स्वच्छ दिसते. ऑपरेशन चालू असताना गोठवून घाईने पाहिलेल्या नमुन्यात, म्हणजे फ्रोझन सेक्शनमध्ये, या पेशी नेहमीच्या रंगपेशींपासून खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी नमुना रीतसर प्रक्रिया करून, रंगवून सावकाश बघावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात. समजा त्याच दिवशी फ्लॅप फिरवला आणि आठवड्याने रिपोर्ट आला की एका कडेला पेशी उरल्या आहेत, तर ती कड आता शोधायची कुठे? सगळी कातडी जागची हललेली असते. शिवाय टाचेसाठी सगळ्यात योग्य असलेला फ्लॅप एकदाच मिळतो. तो वापरून झाला आणि परत कापावं लागलं, तर पुढचे पर्याय जास्त अवघड असतात. म्हणून बाबांना एवढंच सांगा की गाठ पहिल्याच दिवशी निघून गेलेली असेल. मधले दिवस आजारासाठी थांबायचं नाहीये, रिपोर्टसाठी थांबायचंय. जखम झाकायची घाई मार्जिनच्या, म्हणजे गाठीभोवती काढायच्या चांगल्या कातडीच्या, आड येता कामा नये, हे मी कुणालाही हात जोडून सांगेन.

(सगळ्या गाठींना हा नियम नाही. स्क्वेमस सेल कार्सिनोमासारख्या (कातडीचा दुसरा एक कॅन्सर) गाठीत फ्रोझनवर बराच भरवसा ठेवता येतो आणि पुष्कळदा एकाच बैठकीत काम उरकतं. तुमच्या ओळखीत कुणाचं एकदाच झालं असेल तर ते बहुधा यामुळे.)

मावशींची भीती खूप घरांत असते. बायोप्सीने किंवा ऑपरेशनने मेलॅनोमा पसरत नाही. नीट मार्जिन घेऊन काढणं हाच तर मुख्य उपचार. मार्जिन जाडीवर ठरतं: 1 मि.मी.पर्यंत जाडी असेल तर 1 सें.मी., 1 ते 2 मि.मी.मध्ये 1 ते 2 सें.मी., त्याच्या वर 2 सें.मी. बाबांची जाडी 2.4 आहे, म्हणून 2 सें.मी. आता हिशोब करून बघा. डाग दीड सें.मी.चा धरला तरी दोन्ही बाजूंचे दोन-दोन मिळवून साडेपाच सें.मी.चा खड्डा होतो. पाठीवर किंवा दंडावर असता तर आजूबाजूची कातडी ओढून टाके घातले असते. तळपायावर ते जमत नाही. स्वतःच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून उचला, आणि मग टाचेची उचलून बघा. टाचेची कातडी खाली तंतूंनी हाडापर्यंत बांधलेली असते आणि त्या तंतूंच्या मधल्या कप्प्यांत चरबी भरलेली असते. म्हणूनच आपण इतकं वजन टाकूनही ती सरकत नाही. तीच गोष्ट ऑपरेशनच्या वेळी अडचण होते.

दादांचा प्रश्न खरंच चांगला आहे. ग्राफ्ट म्हणजे मुळं तोडून आणलेलं रोप, फ्लॅप म्हणजे मुळांसकट मातीचा गड्डा. मांडीवरून काढलेला कातडीचा पातळ पापुद्रा स्वतःचं रक्त बरोबर आणत नाही, ज्या जागी ठेवाल तिथून ते घेतो. उघड्या हाडावर तो धरतच नाही. चांगल्या मऊ जागेवर धरला तरी टाचेवर प्रत्येक पावलाला नुसता दाब नसतो, घसटही असते. खालची चरबीची गादी गाठीबरोबर गेलेली, वर पातळ कातडी, तिला स्पर्शाची जाणीव नाही. अशा जागी भेगा पडतात, कडेला घट्टे येतात, जखम भरते आणि परत उघडते. तोच ग्राफ्ट कमानीवर मात्र छान टिकतो, कारण कमान जमिनीला टेकत नाही. वजन पेलणारी जाड कातडी वजनाच्या जागी न्यायची आणि पातळ ग्राफ्ट बिनवजनाच्या जागी लावायचा, अशी ही अदलाबदल आहे. डाग पावलाच्या वरच्या बाजूला किंवा कमानीतच असता, तर दादा म्हणतात तसा साधा ग्राफ्टच बहुतेक पुरला असता.

कमानीच्या फ्लॅपचा आणखी एक फायदा. घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायात उतरणारी मीडियल प्लांटर आर्टरी त्याला रक्त देते, आणि त्या भागाच्या मज्जातंतूच्या बारीक फांद्याही त्याच्याबरोबर हलवता येतात. म्हणजे नवी टाच बधिर राहत नाही. पद्धत अलीकडची नाही, टाचेसाठी या संवेदनक्षम फ्लॅपचं वर्णन 1979 मध्येच प्रसिद्ध झालं आहे. प्लास्टिक सर्जनना इतकं नक्की विचारा: घोट्यामागची नाडी चांगली लागते का, डॉप्लर (रक्तप्रवाह तपासायची सोनोग्राफीसारखी तपासणी) केलंय का, आणि संवेदना राखता येईल का. बाबा सिगारेट ओढतात म्हणून पहिला प्रश्न तर विचाराच.

सिगारेट आजच बंद. यात मी गुळमुळीत बोलणार नाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फ्लॅप नेमका त्यांच्यावरच जगतो. सोडायला मदत लागली तर डॉक्टरांकडे मागा, पण निकोटीनची पट्टी किंवा गम स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यातही निकोटीनच असतं. खोलीत बसून दुसऱ्या कुणी ओढणंही बंद करा.

मधले दिवस म्हणाल तर व्हॅकच्या स्पंजमुळे जखम झाकलेली असते, रोज उघडून बघावी लागत नाही. स्पंज बदलताना दुखतं. त्याच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध मिळेल का, हे सिस्टरना आधीच विचारून ठेवा, खूप फरक पडतो. फ्लॅपनंतर माझं पाऊल फारसं दुखलंच नाही. दुखली ती मांडी, जिथून ग्राफ्ट काढला तिथे. खरचटल्यासारखी सतत आग व्हायची. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं म्हणून मुद्दाम लिहिते, नाहीतर माणूस घाबरतो.

रात्रपाळी

प्लास्टिक सर्जरी वॉर्डात नर्स आहे. वर ताईंनी सगळं नीट लिहिलंय, मी फक्त फ्लॅपनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांबद्दल लिहिते, कारण नातेवाईक त्याच वेळी सगळ्यात गोंधळतात.

आम्ही ठराविक वेळाने येऊन फ्लॅप बघू, रात्रीसुद्धा. बाबांची झोप मोडेल, त्याला इलाज नाही. बोट दाबून सोडलं की पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत परत भरायला हवी. फ्लॅप कोमट हवा. पांढराफटक, गार आणि सैल पडला तर रक्त आत येत नाहीये. निळा-जांभळा, फुगलेला, आणि दाबल्यावर झटकन भरणारा असेल तर रक्त आत येतंय पण बाहेर जात नाहीये. घरच्यांना हा दुसरा प्रकार फसवतो, कारण त्यात फ्लॅप गरम आणि 'भरलेला' दिसतो. तळपायाच्या जाड कातडीवर रंग ओळखणं मुळातच अवघड असतं, म्हणून आम्ही डॉप्लर लावून आवाज ऐकतो, कधी सुईने टोचून रक्त कसं येतं ते पाहतो. ताजं लाल थेंबथेंब आलं तर आम्हालाही हायसं वाटतं. काळपट रक्त भराभर आलं तर लगेच सर्जनना फोन जातो.

रंग बदललेला वाटला तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, आम्हाला बोलवा. उगाच बोलावलं असं कुणी म्हणणार नाही. वेळेत कळलं तर घट्ट झालेला एखादा टाका सोडून, खाली साठलेलं रक्त काढून किंवा परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन फ्लॅप वाचवता येतो. रक्त तुंबलेल्या फ्लॅपला वैद्यकीय जळवा लावतात, तेही ऐकायला मिळालं तर दचकू नका. जळूच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही आणि तुंबलेलं रक्त निघत राहतं. त्याबरोबर अँटिबायोटिक देतात.

पाय उंच ठेवायचा तो उशी पोटरीखाली देऊन. टाच हवेत अधांतरी राहिली पाहिजे. भेटायला आलेलं माणूस मायेने टाचेखाली मऊ उशी सरकवतं, ते कटाक्षाने थांबवा. घोट्याभोवती घट्ट काही बांधायचं नाही.

आणि हो, पहिल्या ऑपरेशननंतर लघवी हिरवट-निळी झाली तर घाबरू नका. सेंटिनल नोड शोधायला टोचलेला निळा रंग लघवीवाटे बाहेर पडतो.

धाकटी_लेक

दोघींचे खूप खूप आभार. मी हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. हाताची आणि टाचेची कातडी त्यांनी स्वतः ओढून पाहिली आणि मग म्हणाले, "बरं, दोनदा तर दोनदा." सिगारेटचं पाकीट त्यांनी आपणहून आईकडे दिलं.

अजून दोन गोष्टी. सेंटिनल नोड पहिल्याच ऑपरेशनमध्ये का, ती दुसऱ्या वेळी फ्लॅपबरोबर घेतली तर चालणार नाही का? आणि रिपोर्टनंतर अजून कापावं लागलं आणि कमानीची कातडी पुरली नाही, तर मग काय करतात?

उंबरठा

दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. माझ्या मोठ्या भावाच्या बाबतीत हेच झालं. गाठ टाचेच्या मागच्या बाजूला, कमानीचा काही भागही गेला, त्यामुळे कमानीचा फ्लॅप शक्य नव्हता. त्याला पोटरीच्या मागची कातडी खाली वळवून लावली, रिव्हर्स सुरल फ्लॅप म्हणतात. बाहेरच्या घोट्याच्या साधारण पाच सें.मी. वर त्याचं बिजागर असतं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांवर तो जगतो. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली शिरा जोडाव्या लागत नाहीत, ही जमेची बाजू. पण रक्त तुंबण्याचा त्रास या फ्लॅपला बऱ्यापैकी होतो, आणि भावाच्या फ्लॅपचं टोक काळं पडलं. ते काढून ड्रेसिंग करत भरू दिलं. वेळ गेला, पण मुख्य फ्लॅप टिकला. पोटरीतला सुरल मज्जातंतू त्यात वापरला जातो, त्यामुळे पावलाची बाहेरची कड त्याची बधिर झाली ती झालीच. बूट थोडा मोठा घ्यावा लागतो, फ्लॅप जाडसर दिसतो.

खड्डा याहून मोठा असेल तर फ्री फ्लॅप करतात. मांडीवरून कातडी आणि चरबी शिरांसकट काढून पावलातल्या शिरांना जोडतात. ऑपरेशन लांबलचक असतं, पण त्याची सवय असलेल्या टीमसाठी रोजचं काम आहे. थोडक्यात, कमानीची कातडी पुरली नाही म्हणजे लगेच पाऊल जातं असं अजिबात नाही. आम्हाला तीच धास्ती होती.

पाऊलवाट

सेंटिनल नोडचं कारण सांगते. डागाभोवती रंग आणि किरणोत्सारी द्रव टोचून लसीका (कातडीतून गाठींकडे वाहणारा पाण्यासारखा द्रव) आधी कुठल्या गाठीत जाते ते शोधतात. बहुतेक जांघेत, क्वचित गुडघ्यामागे. हा नकाशा डाग जागेवर असताना खरा असतो. डाग काढला आणि वर कातडी फिरवली की वाटा मोडतात, मग सापडलेली गाठ खरोखरची पहिली आहे याची खात्री राहत नाही. म्हणून ती पहिल्याच वेळी.

त्या नोडमध्ये पेशी सापडल्या तर जांघेतल्या सगळ्याच गाठी काढाव्या लागतील, असं कुणीतरी सांगेल. पूर्वी तसं सर्रास करत. 2017 मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले: सगळ्या गाठी लगेच काढल्या म्हणून मेलॅनोमाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, पायाची सूज मात्र वाढली. त्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी ठराविक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात आणि गरजेप्रमाणे इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारी औषधं) देतात. बाबांच्या डागाला जाडी आणि अल्सरेशन दोन्ही आहे, तेव्हा नोड स्वच्छ निघाली तरी पुढच्या औषधांबद्दल मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरची औषधं देणाऱ्या डॉक्टरांना) नक्की भेटा. हा विषय फ्लॅपच्या गडबडीत मागे पडतो.

आता चालण्याबद्दल थोडं. तळपायाचे टाके उशिरा काढतात, दोन-तीन आठवड्यांनी. तोवर पाय खाली सोडणंसुद्धा टप्प्याटप्प्याने: आधी पाच मिनिटं, मग रंग बघायचा, मग थोडं जास्त. पाय खाली घेतला की फ्लॅप लालजांभळा होतो आणि वर घेतला की निवळतो, हे सुरुवातीला चालतं. निवळला नाही तर कळवायचं. टाचेवर वजन मला साधारण दीड महिन्यानंतर टाकू दिलं, तेही वॉकर धरून आणि थोडं थोडं. बाबांना पहाटेचं फिरणं लगेच सुरू करावंसं वाटेल, त्यांना आवरण्याचं काम तुमचं.

एक विचित्र गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा. बरेच महिने माझ्या नव्या टाचेला हात लावला की तो स्पर्श कमानीत झाल्यासारखा वाटायचा. डोळे मिटून विचारलं असतं तर मी चुकीची जागा दाखवली असती. मेंदूला ती कातडी अजून जुन्याच पत्त्यावर आहे असं वाटतं. फिजिओथेरपिस्टनी मला टाचेकडे बघत बघत कापूस, ब्रश, खरखरीत कापड फिरवायला लावलं. हळूहळू टाच टाचेच्या जागी आली. गरम-गार अजूनही जरा उशिरा कळतं, म्हणून पाय धुण्याचं पाणी मी आधी हाताने पाहते.

रोज रात्री आरशात तळपाय बघायची सवय लावा. फ्लॅप आणि जुन्या कातडीच्या सांध्यावर घट्टा येतो, माझ्या बाहेरच्या कडेला तर अजून येतो. तो ब्लेडने कापायचा नाही, पायांच्या तज्ज्ञाकडून घासून घ्यायचा आणि इनसोल तपासून घ्यायचा. इनसोल पावलाच्या मापाने, टाचेला मऊ आणि कमानीतल्या ग्राफ्टला न टोचणारा हवा. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही.

आरसा धरलाय तोवर दुसरा तळपाय, बोटांच्या मधल्या फटी आणि नखंही बघायची. सांध्यापाशी नवा काळा ठिपका, कातडीखाली गोळी लागणं, न भरणारी चीर किंवा जांघेत गाठ, यातलं काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, सरळ फोन करायचा. मेलॅनोमा नेहमी काळाच असतो असंही नाही, लालसर गुलाबी गोळीही दाखवायची. फ्लॅपच्या जाडीमुळे खालचं सगळं हाताला लागत नाही, म्हणून तपासणीला जाल तेव्हा सर्जनना कडा आणि जांघ दोन्ही चाचपून बघायला सांगा.

ऑपरेशनची तारीख ठरली की इथे लिहा ताई. फ्लॅपच्या दिवसांत रात्री काही विचारावंसं वाटलं तरी लिहा, मी बघत असते.